आपली अंत्ययात्रा कोणाची?

गेल्या काही वर्षांपासून आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात एक निराळ्याच प्रकारचे पाकीट येऊ लागले आहे. बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाच्या जाहीर सूचना, मिस्साच्या हेतूंची नोंद ही आमची नेहमीची कागदपत्रे. हे पाकीट त्यांत बसत नाही. सत्तरीकडे झुकलेली एखादी व्यक्ती रविवारच्या मिस्सानंतर गर्दी पांगेपर्यंत थांबते आणि "फादर, हे तुमच्याकडे राहू द्या, वेळ येईल तेव्हा उघडा," असे म्हणून ते आमच्या हाती देते. आत एक-दोन पाने असतात. कोणती वाचने घ्यावीत, कोणती गीते गावीत, अंगावर कोणते वस्त्र असावे, पेटी कसली असावी, बँड असावा की नसावा, कोणी बोलावे आणि मुख्यत्वे कोणी बोलू नये. एका आजींनी तर दफनानंतर आलेल्या मंडळींना चहाबरोबर काय द्यावे हेही लिहून ठेवले होते आणि 'साखर बेताची' अशी पुरवणी जोडली होती.

अशा पाकिटाची वार्ता घरी कळली की बहुधा गहजब होतो. मरण हा शब्दच आपण घरात उच्चारत नाही. 'देवाज्ञा झाली', 'देवाघरी गेले', 'प्रभूने बोलावून घेतले' अशी वळणे घेऊन आपण त्याच्या बाजूने निघून जातो. मुलगी पाळण्यात असल्यापासून तिच्या लग्नासाठी पै-पै साठवणारा बाप दूरदर्शी ठरतो. तोच बाप आपल्या दफनाविषयी दोन शब्द बोलू लागला की "अभद्र बोलू नका" म्हणून त्याला गप्प केले जाते. पूर्वी असे नव्हते. पेटाऱ्याच्या तळाशी आपल्या अखेरच्या प्रवासाचे लुगडे घडी करून ठेवणाऱ्या आणि नातसुनेला ते एकदा दाखवून ठेवणाऱ्या आज्या आम्ही पाहिल्या आहेत. गोव्यातील कॉन्फ्रारियांची वर्गणी भरणारा माणूस तरी दुसरे काय करीत असे? आपल्या मागे झगे घातलेले बांधव चालतील, आपल्या आत्म्यासाठी मिस्सा होतील, याची तजवीज तो जिवंतपणी करून ठेवीत असे. तेव्हा ही प्रथा नवी नाही. नवे आहे ते पाकीट बंद असणे. लुगडे घरातल्या सर्वांना ठाऊक असे; पाकिटातील मजकूर कोणालाच ठाऊक नसतो.

या विषयाकडे केवळ सोयीच्या दृष्टीने पाहणारे लोक आहेत आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. परंतु अशी पाकिटे हाताळताना आम्हांला जो प्रश्न पडतो तो सोयीचा नाही. अंत्ययात्रा कोणाची असते? जो जातो त्याची, की जे मागे उरतात त्यांची? जाणाऱ्याने मागच्यांना किती बांधून ठेवावे, आणि मागच्यांनी त्याच्या शब्दाला किती बांधून घ्यावे?

पवित्र शास्त्रात या विषयाला लाज नाही. सारा मरण पावली तेव्हा अब्राहामाने हित्ती एफ्रोनाकडून मकपेलाची गुहा विकत घेतली. एफ्रोन ती फुकट देऊ करीत होता. अब्राहामाने ते मानले नाही. गावाच्या वेशीवर, सर्वांच्या देखत, ४०० शेकेल चांदी तोलून दिली. वचनदत्त भूमीत त्याच्या नावावर झालेली जमीन ती एवढीच, आणि पुढे तो स्वतःही तिथेच विसावला. याकोबाने योसेफाकडून शपथ घेतली की मला मिसर देशात पुरू नकोस. योसेफानेही आपल्या अस्थींविषयी इस्राएलपुत्रांकडून शपथ घेतली. मोशेने त्या अस्थी मिसरातून बरोबर नेल्या आणि अखेर त्या शखेमात पुरल्या गेल्या.

आमच्या मनात मात्र अधिक घर करून आहे तो तोबित. परमुलखात उघड्यावर पडलेली आपल्या बांधवांची प्रेते पुरण्यापायी या माणसाने घरदार गमावले होते. आपले मरण जवळ आले असे वाटताच तो मुलाला जवळ बोलावतो आणि प्रथम दफनाचेच बोलतो: मला नीट मूठमाती दे, आईचा मान राख, तिने तुझ्यासाठी काय सोसले ते विसरू नकोस, आणि ती गेली की तिला माझ्याशेजारी एकाच कबरेत ठेव. त्याच बोलण्यात पुढे तो दूरच्या गावी ठेव म्हणून ठेवलेल्या दहा तालांत चांदीची माहितीही देतो. दफन, आई आणि पैसा हे तिन्ही विषय एकाच बैठकीत, मुलासमोर, तोंडी. आणि 'अभद्र बोलू नका' म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की या बोलण्यानंतर तोबित पुष्कळ वर्षे जगला.

याच्या उलट टोकाला संत मोनिका आहेत. थागास्ते गावी पतीच्या शेजारी आपली कबर असावी अशी त्यांची फार इच्छा होती. जागाही त्यांनी तयार करून ठेवली होती. इ. स. ३८७ मध्ये ओस्तिया बंदरात त्या आजारी पडल्या, समुद्र ओलांडून घरी पोहोचणे शक्य नव्हते. धाकट्या मुलाने मायदेशी मरण येण्याची गोष्ट काढली तेव्हा त्यांनी त्याला गप्प केले. हा देह कुठेही ठेवा, त्याची चिंता करू नका, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा, अशा आशयाचे त्या बोलल्या. परमेश्वराला कोणतीच जागा दूर नाही, युगान्ती मला कोठून उठवायचे हे त्याला कळणार नाही अशी भीती मला नाही, असेही त्यांनी कोणाला सांगितले होते. संत ऑगस्टीन हे सारे नोंदवतात ते आनंदाने. आईच्या मनातील ती जुनी ओढ केव्हा सुटली हे त्यांना कळले नव्हते. सुटली याचे त्यांना समाधान वाटले.

पुढे सुमारे ४२१ साली नोलाचे बिशप संत पॉलिनस यांनी ऑगस्टीनना विचारले की एका हुतात्म्याच्या समाधीजवळ पुरल्याने मृताला काही लाभ होतो काय? फ्लोरा नावाच्या एका मातेने आपल्या मुलासाठी तशी जागा मागितली होती. ऑगस्टीन यांनी उत्तरादाखल एक छोटा ग्रंथच लिहिला. त्यांचे म्हणणे असे: दफनाचा थाट मृताच्या उपयोगाचा नाही, तो जिवंतांच्या सांत्वनासाठी आहे, मृताला उपयोगी पडते ती प्रार्थना. तरीही देहाची हेळसांड करू नये, कारण पित्याची अंगठी वा वस्त्रसुद्धा मुले जपतात, मग देह तर त्याहून निकटचा. जागेचे मोल एवढेच की ती आईला मुलासाठी प्रार्थना करण्याची आठवण देते.

तर मग ज्याच्या सांत्वनासाठी विधी आहे त्यानेच तो ठरवावा, जाणाऱ्याने मध्ये पडू नये, असे कोणी म्हणेल. हा युक्तिवाद आम्ही अनेक मुलांच्या तोंडून ऐकला आहे. बापाने लिहून ठेवलेले असते: बँड नको, हारतुरे नकोत, भाषणे नकोत, सगळ्यांत साधी पेटी. मुले म्हणतात, "फादर, ते गेले. त्यांना आता काय दिसणार आहे? आम्हांला या गावात राहायचे आहे. लोक म्हणतील, बापाला भिकाऱ्यासारखे पोहोचवले."

त्यांची अडचण खोटी नाही. तरीही आम्ही बापाच्या बाजूने उभे राहतो, आणि त्याचे कारण मृताला दुःख होईल हे नाही. दिलेला शब्द मोडल्याने मृताचे काय होते हे आपण देवावर सोपवू. मोडणारा मात्र जिवंत असतो. शिवाय गावातील इतर वृद्ध हे पाहत असतात. अमक्याचा कागद त्याच्या मुलांनी पाळला नाही, हे पाहणाऱ्याला एकच गोष्ट समजते: आपल्यावर नजर असेतोवरच मुले शब्दाला जागतात. अशा घरात म्हातारपण काढणे किती कठीण असेल याचा विचार मुलांनी स्वतःच्या भवितव्यासाठी तरी करावा.

पण प्रत्येक कागद पाळण्यासारखा असतो असे नाही. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी आम्हांला पाकीट देतानाच आतील मुख्य गोष्ट सांगून टाकली. धाकट्या मुलाने खांदा द्यायचा नाही, मूठभर मातीही टाकायची नाही. वाद जमिनीचा होता, वीस वर्षांचा होता. आम्ही ते पाकीट घेतले नाही. माणसाला आपल्या अंत्यविधीविषयी इच्छा सांगण्याचा अधिकार आहे. ख्रिस्तसभेच्या प्रार्थनेचा उपयोग शिक्षा म्हणून करण्याचा अधिकार नाही. ज्या वेदीपाशी भेट अर्पिण्यापूर्वी भावाशी समेट करावयाचा, त्याच वेदीपुढे आपली पेटी ठेवून वैराची अंमलबजावणी करता येत नाही, असे आम्ही त्यांना सांगितले. ते रागावून गेले. दोन पावसाळ्यांनंतर ते वारले तेव्हा दोन्ही मुलगे आले होते, दोघांनीही माती दिली. घरात त्या कागदाची दुसरी प्रत होती की नाही हे आम्ही विचारले नाही.

या दोन कागदांत फरक कोणता? पहिल्याने स्वतःचा मान सोडला होता, दुसऱ्याने दुसऱ्याचा हक्क सोडवला होता. पाकिटातील एकेक ओळ वाचताना आम्ही हाच प्रश्न विचारतो की हिच्यामुळे कोणाच्या डोक्यावरचा भार उतरतो? परदेशी मुले असलेल्या एका विधवेने लिहिले होते, 'धाकटा फार लांब आहे. दोन दिवसांपलीकडे मला शवागारात ठेवू नका. तो पोहोचला नाही तर त्याला कोणी बोल लावू नये. मी त्याला आधीच निरोप दिला आहे.' तो खरोखरच पोहोचू शकला नाही. त्या चार वाक्यांनी त्या मुलाला काय दिले ते त्याने पुढे उन्हाळ्यात येऊन कबरेपाशी उभे राहून आम्हांला सांगितले. ते इथे लिहिण्यासाठी नाही.

आता ख्रिस्तसभेचा नियम काय म्हणतो ते थोडक्यात पाहू, कारण याविषयी आपल्या कुटुंबांत अनेक गैरसमज आहेत. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार अंत्यविधी सामान्यतः आपल्या धर्मग्रामाच्या मंदिरात व्हावा; परंतु कोणीही दुसरे मंदिर निवडू शकतो, मात्र तेथील प्रमुखाची संमती आणि आपल्या धर्मगुरूंना सूचना हवी. दफनभूमीही निवडता येते. म्हणजे जाणाऱ्याच्या इच्छेला संहितेने जागा दिली आहे. त्याच संहितेत असेही आहे की अंत्यविधीच्या दानावरून माणसामाणसांत भेद होऊ नये आणि गरिबाला योग्य अंत्यविधीपासून वंचित ठेवू नये. आमच्या मते हे कलम प्रत्येक दफनभूमीच्या फाटकावर लावावे. विधीचा गाभा मात्र कोणाच्याही इच्छेचा नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या सूचनेवरून १९६९ साली आलेल्या अंत्यविधीच्या ग्रंथाचा भर ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर आहे. प्रवचन म्हणजे मृताची स्तुती नव्हे, हे ख्रिस्तसभेने स्पष्ट केले आहे. म्हणून आवडते चित्रपटगीत मिस्साच्या मध्यावर घ्या अशी विनंती पाकिटात असली तर ती आम्ही घरच्या प्रार्थनेकडे वळवतो.

दहनाविषयीही विचारणा होते. १९६३ सालापासून कॅथलिक व्यक्तीला दहनाची मुभा आहे. ख्रिस्तसभा दफनाची शिफारस करते, पण पुनरुत्थान नाकारण्याच्या हेतूने नसेल तर दहनाला मनाई नाही. २०१६ साली व्हॅटिकनने स्पष्ट केले की रक्षा पवित्र स्थळी ठेवावी. ती पाण्यात वा वाऱ्यावर सोडू नये, घरात ठेवू नये. २०२३ च्या डिसेंबरात त्यात भर पडली ती अशी की अनेकांच्या रक्षा एकत्र ठेवण्याचे सामाईक पवित्र स्थान करता येईल, मात्र प्रत्येकाचे नाव नोंदलेले असावे. मुंबईत जागेची टंचाई एवढी आहे की अनेक दफनभूमींत काही वर्षांनी कबर पुन्हा उघडून अस्थी भिंतीतील कोनाड्यात ठेवाव्या लागतात. अशा वेळी संगमरवरी, कायमच्या कबरेचा हट्ट धरणाऱ्यांना आम्ही अरिमथाईकर योसेफाची आठवण देतो. खडकात खोदलेली ती नवी कबर त्याने स्वतःसाठी करून ठेवली होती. एका संध्याकाळी ती दुसऱ्याला देऊन तो मोकळा झाला. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा रिकामी झाली हे सर्वांना ठाऊक आहे. योसेफाने पुढे तिचे काय केले हे शुभवर्तमानकार सांगत नाहीत.

आपल्या काळात या विषयावर सर्वांत स्पष्ट लिहून ठेवले ते पोपमहोदयांनीच. सहावे पॉल यांनी १९६५ सालच्या मृत्युपत्रात साधा विधी आणि जमिनीतील कबर मागितली. स्मारक नको म्हटले. १९७८ च्या ऑगस्टमध्ये संत पेत्राच्या चौकात त्यांची साधी लाकडी पेटी जमिनीवर ठेवलेली जगाने पाहिली. पोप फ्रान्सिस यांनी २९ जून २०२२ रोजी लिहून ठेवले की रोममधील महामरिया मंदिरात, जमिनीत, विशेष सजावटीविना पुरावे आणि वर केवळ 'फ्रान्सिस्कुस' एवढे नाव असावे. दफनाचा खर्च कोठून यावा याचीही तजवीज त्यांनी केली होती. २०२४ साली त्यांनी पोपच्या अंत्यविधीचा ग्रंथच सुधारला. सुरू, शिसे आणि ओक अशा एकात एक तीन पेट्यांऐवजी जस्ताचे अस्तर असलेली एकच लाकडी पेटी आली. २१ एप्रिल २०२५ रोजी ते गेले आणि २६ तारखेला सारे तसेच झाले. आमच्या गावात तीन दिवसांत साध्या पेट्यांची विचारपूस करणारे दोघेजण भेटले, याचे श्रेय आम्ही आमच्या प्रवचनांना देत नाही.

तथापि सगळे लिहून ठेवले म्हणजे सगळे तसे घडेल असे मानणाऱ्यांनी २०२० साल आठवावे. ३० मार्चला मुंबई महापालिकेने करोनाने दगावलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे असा आदेश काढला आणि तो त्याच दिवशी मागे घेतला. पण पुढचे कित्येक महिने वीस माणसांची मर्यादा, बंद पिशवी, लांब उभे राहिलेले कुटुंब, हेच चित्र होते. ज्यांनी गायकवृंदाची गीते निवडून ठेवली होती त्यांच्यासाठी गायला कोणी नव्हते. जे लिहिले होते ते निष्फळ ठरले असे मात्र आम्हांला वाटत नाही. एका घरात दफनाच्या वेळी पाळता न आलेला कागद कुटुंबाने दोन वर्षांनी वर्षश्राद्धाच्या मिस्साला पूर्णपणे पाळला. मोनिकांची कबर त्यांना मिळाली नाही; वेदीपाशी त्यांची आठवण मात्र मुलाने ठेवली.

राहता राहिल्या व्यवहाराच्या गोष्टी. १९२५ चा भारतीय वारसा कायदा ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्राला दोन साक्षीदार मागतो, आणि साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून देणगी मिळू शकत नाही. त्याच कायद्यानुसार मृताच्या ऐपतीला साजेसा, वाजवी अंत्यविधीचा खर्च इतर कर्जांच्या आधी त्याच्या मिळकतीतून फेडायचा असतो. 'वाजवी' हा शब्द कायद्याचा आहे. मुलांनी कर्ज काढून बँड आणण्याचे बंधन त्यात कोठेही नाही. धर्मकार्यासाठी मालमत्ता ठेवायची असल्यास पूर्वी मृत्युपत्र मरणापूर्वी किमान बारा महिने केलेले असावे लागे. एका केरळी धर्मगुरूंच्या अर्जावरून २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. पण दफनाच्या इच्छा मृत्युपत्रात घालू नयेत असे आम्ही सांगतो. मृत्युपत्र बँकेच्या लॉकरमध्ये असते आणि लॉकर उघडतो तो साती मिस्सा होऊन गेल्यावर. दफनाचा कागद वेगळा असावा, आणि तो घरी जोडीदाराला व मुलांना एकदा वाचून दाखवलेला असावा. घरी न वाचलेले पाकीट आम्ही हल्ली स्वीकारत नाही.

नेत्रदानाच्या बाबतीत तर कागदावरही विसंबू नये. अवयव आणि देह दान करणे ख्रिस्तसभेला मान्य आहे. अवयवदान हे पुण्यकर्म होऊ शकते असे तिची धर्मशिकवण सांगते. परंतु डोळे मृत्यूनंतर काही तासांच्या आतच काढावे लागतात. तेवढ्या वेळात घरात रडारड, फोन, नातलगांची रीघ असते आणि कपाट कोणी उघडत नाही. ही इच्छा असेल तर ती घरातील निदान दोघांना तोंडी सांगून ठेवावी, त्यांपैकी एक शेजारी राहणारा असावा, आणि जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक फोनशेजारी भिंतीवर चिकटवून ठेवावा.